मदत हवी आहे: 3215031751 सारख्या फसव्या संख्या कशा घडवायच्या?

मिलर-राबिन चाचणी काही निवडक संख्या (पाये) घेऊन, अवयव न पाडता, दिलेली संख्या मूळ आहे का ते तपासते. 2, 3, 5, 7 हे चारही पाये घेतले तरी ती 3215031751 ला मूळ संख्या म्हणते. खरी फोड 151 × 751 × 28351. या चौघांना फसवणारी ही सर्वांत लहान संख्या. (पडताळताना चिन्हरहित 64 बिट पूर्णांक घ्या; वर्ग 10 चा 19 वा घात ओलांडतो, चिन्हासहित प्रकारात मावत नाही.)

फसवणुकीचं कारण असं: तिन्ही अवयव 4k + 3 रूपाचे, आणि n = 3215031751 धरलं तर n − 1 ला 150, 750, 28350 ने भागलं की बाकी शून्य, भागाकार विषम. त्यामुळे पाया वर्गशेष आहे का (म्हणजे अवयवाने भागल्यावर त्याची बाकी एखाद्या पूर्ण वर्गाच्या बाकीइतकीच येते का), याचं उत्तर तिन्ही अवयवांकडून एकच आलं की चाचणी गंडते. 2 ला तिघांचा होकार, 3 ला तिघांचा नकार. 11 ला मात्र 151 हो म्हणतो, 751 नाही. तिथे ही संख्या पकडली जाते.

आता 751 = 5 × 150 + 1 आणि 28351 = 189 × 150 + 1. याच साच्यातली, पहिल्या आठ मूळ पायांना चकवणारी, 64 बिटांत मावणारी संख्या चाचणीसाठी हवी आहे. दोन अवयवांची 341550071728321 आहेच, पण तीन अवयवांची हवी. 5 आणि 189 हेच गुणक ठेवले तर 64 बिटांच्या मर्यादेमुळे सर्वांत लहान अवयव p सुमारे 2.69 लाखांवर जाऊच शकत नाही. मग गुणकांची कोणती जोडी घ्यावी, आणि ती कशावरून ठरवायची?