हा ड्रिल नाही, व्हॉल्व्ह घासायचं हत्यार आहे

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडचं हत्यार दिसायला हँड ड्रिलसारखं आहे, पण बिट धरायला चक नाही, आणि हँडल एकाच दिशेला फिरवलं तरी टोक थोडं पुढे जाऊन परत मागे येतं. मग ते बिघडलेलं नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे उघडझाप करणाऱ्या झडपा, घट्ट बसाव्यात म्हणून घासण्यासाठी ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं.

फोर्ड मॉडेल टीसारख्या (१९०८ ते १९२७) साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात बसतात. हेड, म्हणजे वरचं झाकण काढलं की वरून दिसतात. सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर) ग्राइंडिंग पेस्ट, म्हणजे घासणाऱ्या बारीक कणांची पेस्ट लावायची, हत्याराचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या खाचेत अडकवायचं आणि घासायचं. सलग एकाच दिशेला फिरवलं तर गोल चरे पडतात, म्हणून ही मागे-पुढे चाल. मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. सीटवर सगळीकडून सारखा राखाडी पट्टा दिसला की झालं. पेस्टचा कण न् कण पुसून काढा, नाहीतर तोच इंजिन खाईल.

टोकाला दोन खुंट्या असतील तर तेही बरोबरच, काही व्हॉल्व्हना खाचेऐवजी दोन भोकं असत. डोकं सपाट असेल तर रबरी कप लावलेली साधी लाकडी काठी, दोन तळव्यांत रवीसारखी घुसळायची. खरं सांगू? मला तीच जास्त आवडते, हाताला पकड कळते.

हत्याराच्या गिअरच्या डबीत ग्रीस भरा, हत्यार विकू मात्र नका.