लातूरच्या जुन्या साप्ताहिकाच्या बॅकअप टेप कशा वाचाव्यात?

औसेकर (प्रश्न):
नमस्कार. लातूरमधील एका जुन्या साप्ताहिकाच्या कार्यालयात नव्वदच्या दशकातील बॅकअप टेप सापडल्या आहेत. छापील अंकांचे गठ्ठे वाळवीने खाल्ले, त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावांच्या पुनर्वसनाविषयी या साप्ताहिकाने जे सातत्याने लिहिले, ते आता उरले असेल तर या टेपवरच. बहुतेक टेप काडेपेटीहून थोड्या मोठ्या असून त्यांवर ‘डीडीएस’ आणि ‘१२० मी.’ असे छापलेले आहे. दोन कॅसेट बऱ्याच मोठ्या, धातूच्या तळाच्या आहेत व त्यांवर ‘डीसी ६१५०’ असे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराने आपल्या डॅट-७२ ड्राइव्हमध्ये लहान टेप घालून पाहिल्या आणि त्या बाद झाल्याचे सांगितले. बॅकअप कोणत्या सॉफ्टवेअरने घेतला होता हे सांगू शकेल असे आता कोणी नाही. पुढे काय करावे?

गोदाकाठ:
औसेकर साहेब, त्या निदानावर विसंबून एकही टेप टाकून देऊ नका. डीडीएस हा संगणकाच्या बॅकअप टेपचा एक प्रकार, आणि १२० मीटरची टेप म्हणजे त्याची दुसरी पिढी, डीडीएस-२. डॅट-७२ हा त्याच घराण्यातील नंतरचा ड्राइव्ह मागच्या पिढ्यांपैकी डीडीएस-३ आणि डीडीएस-४ एवढ्याच वाचतो, त्यामुळे तुमची टेप उत्तम स्थितीत असली तरी तो तिला नाकारणारच. तुम्हाला डीडीएस-३ चा ड्राइव्ह शोधावा लागेल. तो स्कझी या जुन्या पद्धतीच्या जोडणीचा असेल, म्हणून कार्ड, केबल आणि टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा जोड) हेही सोबतच मिळवा. साप्ताहिकाचा जुना सर्व्हर कुठे पडून असेल तर तो भंगारात देऊ नका, कारण ड्राइव्हची हेड किंचित सरकलेली असतील तर त्यावर लिहिलेली टेप पुष्कळदा त्याच ड्राइव्हवर सर्वांत नीट वाचली जाते.

टेप आत घालण्यापूर्वी तिच्या कडेची सरकपट्टी उघडी करून लेखनबंदी करा. हे मी आग्रहाने सांगतो आहे. विंडोजमधील काही प्रोग्राम अनोळखी टेप दिसली की तिची नव्याने मांडणी करू का, असे विचारतात. तिथे चुकून होकार गेला आणि टेपच्या सुरुवातीला थोडे जरी लिहिले गेले, तरी तिथेच ‘माहिती संपली’ अशी खूण पडते आणि पुढचा सगळा मजकूर टेपवर शाबूत असूनही ड्राइव्ह त्याच्यापर्यंत जाण्यास नकार देतो.

सॉफ्टवेअर ओळखण्याची घाई नको. आधी लिनक्सवर टेपची जशीच्या तशी प्रत हार्डडिस्कवर उतरवून घ्या. टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ आदेशाने ब्लॉकचा, म्हणजे टेपवरील माहितीच्या एका तुकड्याचा, आकार शून्य, म्हणजे बदलता ठेवा आणि प्रत उतरवणाऱ्या ‘डीडी’ आदेशाला भरपूर मोठा आकार द्या, तो टेपवरील ब्लॉकपेक्षा लहान पडला तर मेमरी अपुरी असल्याची चूक दिसते, आणि अनेकांना टेपच खराब असल्याचे वाटते. आदेशात टेप ड्राइव्हचे नाव ‘एनएसटी’ने सुरू होणारे निवडा, कारण नुसते ‘एसटी’ वापरले तर प्रत्येक वाचनानंतर टेप मुळापर्यंत गुंडाळली जाते. एका टेपवर खुणांनी विभागलेल्या अनेक फाइल असतात, तेव्हा रिकामी फाइल हाती येईपर्यंत ‘डीडी’ पुन्हा पुन्हा चालवा आणि प्रत्येक फाइलला क्रमांक द्या.

मग पहिल्या फाइलचा आरंभ हेक्स संपादकात, म्हणजे फाइलमधील कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. अगदी सुरुवातीला ‘टेप’ ही चार रोमन कॅपिटल अक्षरे दिसली तर तो मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅट आहे, म्हणजे विंडोज एनटीचा बॅकअप किंवा त्याच घराण्यातील सॉफ्टवेअर. २५७ व्या बाइटपासून ‘यूस्टार’ दिसले तर ती टारची, म्हणजे युनिक्सवर अनेक फाइल एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामची, फाइल.

बालाघाट:
मोठ्या कॅसेटबाबत एक महत्त्वाची भर. त्या पाव इंची क्यूआयसी प्रकारच्या, १५० एमबीच्या आहेत. त्या ड्राइव्हमधील रबराची चकती वर्षांनंतर वितळून काळ्या चिकट लगद्यासारखी होते, म्हणून ड्राइव्ह उघडून ती बोटाने तपासल्याशिवाय कॅसेट आत घालू नये. कॅसेटमधील ताणपट्टाही सैल पडतो किंवा टेपला चिकटतो. तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बदलता येतो, परंतु हे काम सरावलेल्या हातांचेच आहे. या दोन टेप सर्वांत शेवटी घ्या.

औसेकर:
आपल्या दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. नांदेडच्या एका मित्राकडे डीडीएस-३ ड्राइव्ह मिळाला आणि पहिल्या टेपची प्रत पूर्ण उतरली. आरंभी ती चार अक्षरे स्पष्ट दिसतात. ‘एमटीएफटार’ या मोफत प्रोग्रामने फोल्डरही उलगडले. आत पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइल आहेत, मात्र मजकूर उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. माहिती बिघडली असेल का?

गोदाकाठ:
बिघडलेली नाही. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेला आहे, ज्यात मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट संगणकावर नसला की असेच दिसते. बाजारात फाँट शोधण्याआधी त्याच प्रतीत विंडोजचे फोल्डर आले आहे का ते पाहा, कारण संपूर्ण डिस्कचा बॅकअप घेतला असेल तर पाने ज्या फाँटमध्ये लावली ते नेमके फाँट तिथेच असतील. फाइल पेजमेकर ६ किंवा त्यापुढील असतील तर लिब्रेऑफिस ड्रॉ या मोफत प्रोग्राममध्ये उघडून पाहता येतील. फाँट बसवून आधी प्रत्येक पानाची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे छापील अंकाचे रूप हाती राहील, आणि युनिकोडमधील रूपांतर त्यानंतर सावकाश, पानाशी ताडून करा. जोडाक्षरे आणि रफार यांत रूपांतरक हमखास चुकतात आणि गावांची व माणसांची नावे त्यातच बिघडतात.