न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय आणि मुस्लिम: एकजूट की सोय?

जर्सीकर: न्यूयॉर्क पोलिसांच्या एका गुप्त कागदात नजर ठेवायच्या २८ गटांची यादी होती. बहुतेक देशांची नावं, इजिप्त, पाकिस्तान वगैरे. आणि त्यातच 'अमेरिकन कृष्णवर्णीय मुस्लिम'! यांचा मूळ देश कुठला, ब्रुकलिन? असोसिएटेड प्रेसनं २०११ मध्ये हा पाळतीचा उद्योग बाहेर काढला. त्याच वर्षी याच पोलिसांनी रस्त्यात लोकांना सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा अडवलं. बहुतेक कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो. दहातल्या जवळपास नऊ जणांना ना अटक, ना समन्स. मला तरी कृष्णवर्णीयांचा आणि मुस्लिमांचा हा लढा एकच वाटतो.

ठाणेदार: एकच कसा? एकाला रंगामुळे अडवलं, दुसऱ्यावर धर्मामुळे पाळत. आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात ज्या शहरात सुमारे २,७५० माणसं मेली, तिथल्या पोलिसांनी हातावर हात ठेवून बसायचं?

जर्सीकर: हाती काय लागलं तेही सांगा की. २००८ मध्ये कॉलेजच्या पोरांच्या राफ्टिंग सहलीत पोलिसांचा माणूस घुसवला. अहवालात काय? पोरं दिवसातून निदान चारदा नमाज पढली.

मीनल: आमच्या न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकची गंमत ऐका. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठाजवळच्या इमारतीत केअरटेकरनं एक फ्लॅट उघडला. आत दहशतवाद्यांचे फोटो, पोलिसी वायरलेस. घाबरून त्यानं ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवला. एफबीआयसुद्धा धावली. अड्डा निघाला न्यूयॉर्क पोलिसांचा, तोही दुसऱ्या राज्यात!

ठाणेदार: किस्सा झकास, मुद्दा तिथेच. २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसांच्या हातून मेलेला कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड आठवतो? २० डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून त्याच्यासाठी पोलिसांना फोन गेला तो कुठून? पॅलेस्टिनी वंशाच्या कुटुंबाच्या दुकानातून. ही एकजूट?

मीनल: ते खुपतंच. पण अमेरिकी मुस्लिमांत पाचातला एक स्वतःच कृष्णवर्णीय. त्याला कुठल्या पंगतीला बसवणार?

जर्सीकर: आणि प्रेमाचं बोलतंय कोण? २०१३ मध्ये दोघांनी मिळून शहराच्या नगर परिषदेत दोन विधेयकं जोडीनं रेटली: भेदभाव करणाऱ्या पोलिसांवर दावा लावता यावा, आणि पोलीस खात्यावर देखरेखीला बाहेरचा महानिरीक्षक बसावा. महापौर ब्लूमबर्ग यांनी दोन्ही फेटाळली. त्यांचा नकार उलटवायला ५१ पैकी ३४ मतं लागत होती. दाव्याच्या विधेयकाला पडली मोजून ३४. एकेकटे गेले असते तर?

ठाणेदार: बेरीज जमली, मान्य. पण दाव्याचा कायदा रस्त्यातल्या अडवाअडवीवर, महानिरीक्षक पाळतीवर. आपापलं औषध घेऊन दोघं आपापल्या घरी.

मीनल: दाव्याच्या कायद्यात वंशाबरोबर धर्मही आहे हो. वाचा तरी आधी.