शब्दचर्चा: ‘पाप’ म्हणजे गुन्हा की बिचारा? (आणि कृपा, ओळख वगैरे)

हुरडा:
मंडळी एक शब्द डोक्यात अडकून बसलाय. आमचं घर जुनं मिशनवालं, लहानपणापासून चर्चमध्ये पाप पाप ऐकतच मोठे झालो. तर गेल्या आठवड्यात गल्लीतला एकजण भरदुपारी पिऊन गटारीच्या कडेला पडलेला, शेजारच्या पद्मशाली मावशी दारात विड्या वळलालत्या, त्यांनी बघितलं, मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘अय्यो पापं!’ मला वाटलं पापी म्हणून शिव्या देलालत्यात, तर मावशी तांब्याभर पाणी घेऊन निघाल्या त्याच्याकडं. मग त्यांची पोरगी हसून म्हणाली, तेलुगूत पापं म्हणजे बिचारा. अक्कलकोटकडचा एक कन्नड दोस्त आहे त्याला विचारलं तर म्हणे आमच्यातपण तसंच, कुणाचं वाईट झालं की ‘पाप’ म्हणतात. म्हणजे एकाच सोलापुरात एकच शब्द, आपण बोट दाखवायला वापरतो आणि शेजारी पाणी पाजायला! मराठीत हा अर्थ कधी होता का? आणि बायबलमधल्या पापाचा मूळ शब्द कुठल्या बाजूचा?

शेंगाचटणी:
मराठीत जवळपास तसा एकच आठवतो, ‘पाप्याचं पितर’, म्हणजे हाडं दिसणारा मरतुकडा माणूस, पण त्यात कीव कमी आणि चेष्टा जास्त. बाकी आपलं पाप हिशेबाचं आहे बे. पाप लागतं, पाप फेडावं लागतं, पापाचा घडा भरतो. भरतो म्हणजे कुणीतरी मोजलालंय.

गोफण:
हिशेबाचं म्हणालात ते बायबलमध्येपण आहे. येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, लूक, योहान अशी पुस्तकं आहेत बायबलमध्ये, त्यातल्या मत्तयातली प्रभूची प्रार्थना बघा, मराठीत तिथं ‘पाप’ नाहीच, ‘ऋण’ आहे, आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. लूकमध्ये त्याच जागी पाप येतं. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, कर्ज आणि पाप याला एकच शब्द चालायचा, म्हणून हा फरक. ज्यांच्या घरी किराण्याची वही लांबलीय त्यांना मत्तय लगेच कळतो.

पण बायबलचा जुना करार हिब्रूत आहे, त्यातला पापाचा नेहमीचा शब्द वेगळा आहे, खाता, म्हणजे चुकणं, नेम हुकणं. त्यातल्या शास्ते पुस्तकाच्या २० व्या अध्यायात बन्यामिनी वंशाच्या लोकांतले ७०० डावखुरे येतात, केसावर नेम धरून गोफण मारली तरी चुकायची नाही त्यांची, आणि तिथल्या ‘चुकायची नाही’ला हेच क्रियापद आहे! आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवायचो, दगड भलतीकडं गेला की आजोबा ओरडायचे, त्यामुळं हा अर्थ मला जरा जास्तच जवळचा वाटतो. नवा करार ग्रीकमध्ये आहे, त्यातला पापाचा शब्द हामार्तियापण मुळात नेम चुकण्याचाच.

पूर्व भाग:
गोफणदादा छान, पण धातू म्हणजे अर्थ नव्हे. हिब्रूत पापाला अजून शब्द आहेत, पेशा म्हणजे बंड, आवोन म्हणजे वाकडेपणा. नुसता नेम चुकला म्हणलं की पाप फार स्वस्त होतं, ‘अरे हुकला बिचारा’ म्हणून सोडून देता येतं. बंड करणाऱ्याचा नेम चुकलेला नसतो, त्यानं आपल्याकडंच धरलेला असतो.

आणि मी तेलुगू घरातला, म्हणून सांगतो. तेलुगू बायबलमध्ये पापाला पापंच आहे आणि आमच्या घरी बिचाऱ्यालापण पापंच, तरी चर्चमध्ये कुणाचा गोंधळ होत नाही. वाक्यात शब्द कुठं बसलाय त्यावर कळतं. पण आई प्रार्थनेत स्वतःला पापी म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात दोन्ही असायचं असं मला वाटतं, आता हे व्याकरणात बसत नाही हे मान्य.

हुरडा:
हे भारी आहे. मग कृपेचं काय? मराठी बायबलमध्ये ‘अनुग्रह’ का नाही घेतला मुख्य शब्द म्हणून? जास्त वजनदार वाटतो.

गोफण:
कारण मराठीत अनुग्रह ‘घेतात’, गुरूकडून. अमक्या महाराजांचा अनुग्रह घेतलाय म्हणलं की दीक्षा, मंत्र सगळं आलं. कृपा घेत नाहीत, होते. नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रं आहेत, त्यातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याला तेच सांगायचंय, कृपेनं तारण म्हणजे उद्धार झाला, तुमच्या हातून नाही, दान आहे. रोमकरांसच्या ६:२३ मध्ये तर शेजारी शेजारी ठेवलंय, पापाचं ‘वेतन’ मरण आणि देवाचं ‘कृपादान’ जीवन. वेतनाचा ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा. यंत्रमागावर आठवडा भरला की पगार, तो मागायचा हक्क असतो. कृपादान मागायला हक्कच नाही.

शेंगाचटणी:
पण कृपा शब्द घासून गुळगुळीत झालाय हो. ‘कृपया पाटीला टेकू नये’ यातपण कृपाच आहे. रंग ओला असला की.

हुरडा:
😄 शेवटचं एक. योहान १७:३ मध्ये सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला ‘ओळखावे’ असं आहे. ‘जाणावे’ का नाही?

पूर्व भाग:
जाणणं डोक्यानं होतं, ओळखायला समोर माणूस लागतो. हिब्रूत यादा म्हणजे जाणणं, तोच शब्द नवराबायकोच्या संबंधालापण येतो, इतका जवळचा.

शेंगाचटणी:
सोलापुरात ओळख म्हणजे वशिला. ‘हापिसात कुणाची ओळख हाय का?’

पूर्व भाग:
हसू नका, त्यातच आहे. वशिल्यात तुम्ही साहेबाला ओळखून उपयोग नसतो, साहेबाला अख्खं गाव ओळखतं. साहेबानं तुम्हाला ओळखलं पाहिजे. गलतीकरांस ४:९ मध्ये पौल लिहिता लिहिता थांबतो, तुम्ही देवाला ओळखता, नाही, खरं म्हणजे देवानं तुम्हाला ओळखलं. आणि मत्तय ७ मध्ये उलटं, तुझ्या नावानं हे केलं ते केलं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं, मला तुमची कधीच ओळख नव्हती. लग्नात कुणी समोरून येऊन ओळख दाखवत नाही तेव्हा कसं होतं, तसं.

हुरडा:
बरं मावशींना विचारलं मी, तो पडलेला माणूस ओळखीचा होता का. म्हणल्या, नाही बाबा, कोण की.