मदत हवी आहे: संगीताचा बाज बदलला, फॅन्स भडकलेत. जुन्याच नावाने टाकत राहू की नवीन नाव घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, सिडकोत राहतो. दिवसा अंबडला कंपनीत आणि रात्री एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर. यूट्यूबवर माझं जे काही थोडंफार नाव झालंय ते नाशिक ढोल आणि बेसच्या मिक्सवर. ढोल, ताशा, संबळ सगळं पथकातल्या मित्रांकडून वाजवून घेऊन स्वतः रेकॉर्ड केलेलं आहे, उचललेले लूप नाहीत. वाकडी बारवपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत माझे ट्रॅक वाजतात, रंगपंचमीला रहाडीपाशी (रंगाच्या जुन्या हौदापाशी) वाजतात. हे सांगतोय ते मिरवायला नाही, ऐकणारे कोण आहेत ते कळावं म्हणून.

यंदा डोक्यात वेगळंच काहीतरी सुरू झालं. १२२ बीपीएमच्या (मिनिटाला १२२ ठोके) आसपासचं, डीप हाउसकडे, म्हणजे शांत इलेक्ट्रॉनिक संगीताकडे झुकणारं. किक (मुख्य जड ठोका) आहे पण अंगावर येत नाही. मध्ये बराच वेळ नुसता सिंथ आणि एका कानात संबळाचा ठोका, तोही पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा. ड्रॉप, म्हणजे चढत जाऊन एकदम बीट कोसळते ती जागा, मुद्दामच ठेवला नाही. त्याच चॅनेलवर टाकलं आणि खाली हे सुरू:

"भाऊ, चहा पिऊन आलो तरी ड्रॉप आला नाही."
"वायनरीत वाजव हे, इथे नको."
"गंगापूर रोडचा झाला आता हा."

पहिल्यावर मी पण हसलो. तिसरी लागली. मी कुठेही गेलेलो नाही हो. तीच खोली, तोच लॅपटॉप, माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद करून घामाघूम होत रेकॉर्डिंग करणारा तोच मी.

जाणकारांनी सांगा: नवीन बाजासाठी वेगळं नाव आणि वेगळं चॅनेल काढावं का? की थोडे दिवस शिव्या खाऊन तिथेच टाकत राहावं? मोठ्या लोकांनी हे कसं निभावलं? आणि मंडळांच्या ऑर्डरी जातील का, ही खरी भीती आहे. गणपती तोंडावर आलेत.

सिंथवेडा

वेगळं नाव घ्या, डोळे झाकून. या धंद्यात ते नवीन नाही. डीजे एरिक प्रिड्झ स्वतःच्या नावाने एक वाजवतो, 'प्रायडा' नावाने प्रोग्रेसिव्ह आणि 'सिरेझ डी' नावाने काळाकुट्ट टेक्नो. डेडमाऊसने टेक्नोसाठी 'टेस्टपायलट' ठेवलंय. कॅल्विन हॅरिस एवढा मोठा पॉप स्टार, पण २०२० मध्ये त्याला जुन्या रेव्हसारखं काही करावंसं वाटलं तेव्हा 'लव्ह रीजनरेटर' नाव लावून आला. माणूस कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लपवायचं नसतंच. नाव म्हणजे दारावरची पाटी, आत काय मिळेल ते सांगणारी.

जुना_ट्रान्सवाला

थोडा विरोध नोंदवतो. डीजे अविचीचं आठवा. मार्च २०१३, मायामीतला अल्ट्रा फेस्टिव्हल. हा पठ्ठ्या मुख्य स्टेजवर गिटार-बँजोवाले घेऊन आला आणि कंट्री वाजवलं. लोक चक्रावले, नेटवर तर धुलाई झाली. त्याच वर्षी त्यातलं 'वेक मी अप' ब्रिटनसह कितीतरी देशांत पहिल्या नंबरवर गेलं. नाव बदललं असतं तर हे झालं असतं का?

बाकी माझ्यासारख्यांचं दुःख तुम्हाला कळणार नाही. डीजे टिएस्टो म्हणजे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात ट्रान्स वाजवणारा माणूस. २००९ च्या 'कलाइडोस्कोप' अल्बमपासून त्याने वाट बदलली आणि आम्ही "विकला गेला, विकला गेला" करत बसलो. त्याने आमच्यासाठी एक दिवस कामधंदा बंद ठेवला नाही.

सिंथवेडा

@जुना_ट्रान्सवाला, अविचीमागे कंपनी होती, रेडिओ होता. धागाकर्त्यामागे पंखा बंद केलेली खोली आहे. तुलना जरा बेताने. आणि त्याच टिएस्टोने २०२० मध्ये मेलोडिक हाउससाठी 'व्हेरवेस्ट' हे वेगळं नाव घेतलं, तेही धरा ना हिशेबात.

इंदिरानगरची_श्रोती

मी या दादांची सबस्क्रायबर आहे (ओळखलं चॅनेल). कमेंट केली नव्हती पण चिडले होते, तर कारण सांगते. भावाची हळद होती. नोटिफिकेशन आली, नवीन ट्रॅक! न ऐकताच फोन मोठ्या स्पीकरला जोडला. सगळ्या काकू-मावश्या हात वर करून तयार. आणि सुरू काय झालं, तर मिनिटभर नुसतं हूऽऽऽ. काका म्हणाले वायर सैल असेल, हलवून बघ.

तोच ट्रॅक नंतर रात्री हेडफोनवर ऐकला, आवडला. राग ट्रॅकचा नव्हताच. तुमचं नाव बघून आम्ही न ऐकता लावतो, ती खात्री गेली त्याचा होता. हा एक लावल्यावर हळद पेटणार, इतकंच आम्हाला हवं असतं.

आणि "गंगापूर रोडचा झाला" हे बोलणारा म्हणतोय की हे संगीत माझ्यासाठी नाही, तिकीट काढून, ग्लास हातात धरून ऐकणाऱ्यांसाठी आहे. त्याला वाटलं तुम्ही त्याला सोडून गेलात. सूर कुठला, बीपीएम किती, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

मिक्सिंगवाला_नाशिकरोड

वरची कमेंट सोन्यासारखी आहे. आता तांत्रिक बाजू.

स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय स्ट्रीम मोजला जात नाही. जुना फॅन ड्रॉपची वाट बघत विसाव्या सेकंदाला पुढे ढकलणार. म्हणजे तुमचा नवीन ट्रॅक नेमका ज्यांना आवडणार नाही त्यांच्याकडेच आधी जातोय, आणि तिथून नापास होऊन परत येतोय. म्हणून माझंही मत वेगळ्या नावाला. डिस्ट्रिब्युटरकडे (आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या सेवेकडे) अपलोड करताना 'नवीन आर्टिस्ट' निवडा, नाहीतर तो जुन्याच प्रोफाइलला चिकटेल आणि नंतर काढताना नाकी नऊ येतील.

यूट्यूबवर आधी टाकलेले ट्रॅक तिथेच राहू द्यायचे असतील तर राहू द्या, डिलीट अजिबात करू नका. पुढे कधी जुन्या चॅनेलवर टाकावंसं वाटलं तर अपलोड करताना सबस्क्रायबरना कळवण्याची टिक काढता येते. हळदी वाचतील.

एक गोष्ट मात्र करून बघाच. डाफ्ट पंकचा २००५ चा 'ह्युमन आफ्टर ऑल' अल्बम बऱ्याच लोकांना रुक्ष वाटला होता. २००६-०७ च्या लाइव्ह दौऱ्यात त्यांनी त्यातलेच ट्रॅक जुन्या हिट गाण्यांत मिसळून वाजवले आणि लोक वेडे झाले. तुमचा नवीन सिंथ ढोलाच्या दोन ट्रॅकच्या मध्ये मिनिटभर सरकवा. लगेच ढोल परत आणा. मिरवणुकीत माणसांना दम खायला तेवढं लागतंच.

जुना_ट्रान्सवाला

हे पटलं. मी माझं अर्धं म्हणणं मागे घेतो. अर्धंच.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. @इंदिरानगरची_श्रोती, ताई, हळदीचं वाचून हसू पण आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण झालं. काकांना सांगा वायर ठीक होती.

नवीन नाव घेतो. पण जुन्या चॅनेलच्या माहितीत खाली एक ओळ टाकणार, की हाच माणूस तिकडे हे पण करतो. ज्याला यायचं तो येईल. त्या तिसऱ्या कमेंटला उत्तर द्यायचं का, अजून ठरत नाही. लिहितो आणि पुसतो. कोणाला काय वाटतं?

सिंथवेडा

वाद घालू नका, त्याला पुढच्या ढोल ट्रॅकची तारीख सांगा.

मंडळाचा_माणूस

भाऊ, धागा कोणीतरी ग्रुपवर टाकला म्हणून आलो. ऑर्डरीचं टेन्शन घेऊ नको. तू रात्री हाउस कर नाहीतर भजन कर, आपल्याला काय. मिरवणुकीची मिक्स मात्र गणपती बसायच्या आधी हातात पाहिजे, आणि या वेळी डब्ल्यूएव्ही फाइल दे. मागच्या वर्षीची एमपीथ्री होती, टॉप नुसते चिरचिरत होते. साउंडवाला अजून मला ऐकवतो. आणि तो मधला मिनिटभर सिंथचा प्रकार भद्रकालीच्या चौकात नको, तिथे पोरं नाचायच्या मूडमध्ये असतात. पुढे रस्ता मोकळा झाला की टाक.