जादा प्रोटीन लघवीतून तसंच निघून जात नाही

'जास्तीचं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, काळजी नको' असं प्रोटीन पावडरवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. लघवीतून जातो तो त्यातला नायट्रोजन, तोही यकृताने त्याचा युरिया केल्यावर. अमिनो आम्लाचा (प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांचा) उरलेला कार्बनचा सांगाडा शरीर एकतर ऊर्जेसाठी जाळतं, नाहीतर त्याची साखर किंवा चरबी करतं. म्हणजे पावडरचा जादा चमचाही कॅलरीतच धरायचा. आणि तपासणीत लघवीत खरोखरच प्रथिनं सापडली, तर 'जास्त खाल्लं असेल' म्हणून सोडून देऊ नका, मूत्रपिंडं तपासून घ्या.

यकृतच थकलं तर काय होतं, हे इथे कुणी लिहिलं नाही. माझ्या काकांना सिऱ्हॉसिस होता, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक आणि निकामी होत जाणं. बद्धकोष्ठ झालं की रक्तात अमोनिया साठायचा (प्रथिनांतल्या नायट्रोजनपासून बनणारा विषारी पदार्थ, एरवी यकृत त्याचाच युरिया करतं) आणि मेंदूवर परिणाम व्हायचा. दिवसा झोप, रात्री टक्क जागे, आणि हात समोर धरून मनगटं वर उचलायला सांगितली की पंजे फडफडायचे. त्यावर लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध असे. त्याने मोठं आतडं आम्लधर्मी होतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे जातो. आम्ही घाबरून त्यांची डाळ-अंडी बंद केली होती, डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू करायला लावली. अमोनिया निकामी करायला स्नायूही हातभार लावतात, आणि उपाशी शरीर नेमके तेच स्नायू मोडून खातं.