मदत हवी आहे: प्लेटलेट भरपूर, तरी रक्त थांबत नाही

मुलीचा घोळणा फुटला की अर्धा-अर्धा तास वाहतो. दुधाचा दात पडला तेव्हा सकाळी उशीचा अभ्रा लाल. प्लेटलेट काउंट 2.8 लाख, रक्त गोठण्याच्या चाचण्या (पीटी-एपीटीटी) नॉर्मल, रक्त थांबवायला मदत करणारं व्हॉन विलेब्रँड प्रथिनही ठीक. त्यामुळे 'काही नाही हो' ऐकण्यात बराच काळ गेला. आता अ‍ॅग्रिगोमेट्रीत (प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का, याची चाचणी) एडीपी, कोलॅजन, अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड या चिकटायला लावणाऱ्या तिन्ही पदार्थांना जवळपास शून्य प्रतिसाद, फक्त रिस्टोसेटिनला चांगला. डॉक्टरांना ग्लान्झमनची शंका आहे, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना चिकटू न शकण्याचा आनुवंशिक आजार. पुढे फ्लो सायटोमेट्री, म्हणजे प्लेटलेटवर चिकटण्यासाठी लागणाऱ्या रिसेप्टरचे सीडी41 आणि सीडी61 हे भाग आहेत का, ते बघायची तपासणी.

काहींमध्ये रिसेप्टर असतात, पण काम करत नाहीत, असं वाचलं. तसं असेल तर फ्लो नॉर्मल येऊनही आजार असू शकतो ना? मग थेट जनुक तपासणी करावी का? कुणाच्या घरी असं निदान झालंय का? धाकट्या भावाला त्रास नाही, तरी त्याचीही तपासणी केलीत का?